हवा आत जाते की बाहेर?

ऊसतोडणीच्या हंगामात न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या बाजूला रस्त्याकडेला उभे राहिले, की दर दोन-चार मिनिटांनी एक ‘फुस्स’ कानावर येते. कारखान्याकडे निघालेला ट्रक थांबतो, ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय काढतो आणि नळ्यांत कोंडलेली हवा सुटते. आवाज इतका ओळखीचा, की कुणी मान वळवून पाहत नाही. पण तसाच आवाज पंधरा-वीस वर्षे जुन्या सुमोतून, बोलेरोतून किंवा कांद्याच्या गोण्या लादून चाकणला निघालेल्या पिकअपमधून, तोही ड्रायव्हरच्या पायाशी येऊ लागला, की ट्रकची सवय झालेला कान लगेच निकाल देतो : हवा निघतेय. निकाल चुकीचा असतो. ट्रकच्या टाकीत कॉम्प्रेसरने सात-आठ किलोच्या दाबाने भरलेली हवा असते आणि ती बाहेर पडते. छोट्या गाडीच्या ब्रेकमध्ये कोंडलेली हवा नसतेच, तिथे हवेची उणीव साठवलेली असते. म्हणून फुसफुस येते तेव्हा बाहेरची हवा आत घुसत असते. दिशा उलटी, त्यामुळे शोधाची रीतही उलटी. आणि या शोधात ‘कोणता पार्ट गेला?’ हा प्रश्न शेवटी यायला हवा. त्याआधी विचारायचे ते ‘आवाज नेमका केव्हा येतो?’ बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच पहिल्याचे उत्तर दडलेले असते आणि ते काढायला कोणतेही यंत्र लागत नाही.

बॉनेट उघडले, की ड्रायव्हरच्या समोरच्या पत्र्याला चिकटलेला काळा, जाड थाळीसारखा गोल डबा दिसतो. हवेची उणीव साठवणारा ब्रेकचा बूस्टर तो हाच. त्याच्या पुढे मास्टर सिलेंडर आणि त्यावर ब्रेक ऑइलची डबी. बूस्टरच्या पोटात रबराचा एक पडदा असतो, डायफ्रॅम. त्याने डब्याचे दोन कप्पे होतात, पुढचा इंजिनच्या बाजूचा आणि मागचा पेडलच्या बाजूचा. पाय ब्रेकवर नसतो तेव्हा दोन्ही कप्प्यांतली हवा खेचून घेतलेली असते, म्हणून पडदा जागेवर राहतो. पेडल दाबले, की मधला व्हॉल्व्ह मागच्या कप्प्याचे दार बाहेरच्या हवेला उघडतो. पुढे पोकळी आणि मागे वातावरणाचा दाब, त्यामुळे पडदा पुढे रेटला जातो आणि पायाच्या जोराला हवेचा जोर मिळतो. सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिकेने तांब्याचे दोन गोलार्ध जुळवून आतली हवा काढली आणि घोड्यांच्या जोड्यांना ते ओढून वेगळे करता आले नाहीत, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातून अनेकांना आठवत असेल. बूस्टरमध्ये तीच ताकद कामाला लावलेली आहे. मोटारीच्या ब्रेकला पोकळीची मदत देण्याची ही युक्ती बेल्जियन अभियंता अल्बर्ट डेवान्द्र याने १९२०च्या दशकात रुळवली. ताकदीचा अंदाज घ्यायचा तर साधा गुणाकार पुरे. पडद्याचा व्यास २३ सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ चारशे पंधरा चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. दर चौरस सेंटिमीटरला ६०० ते ७०० ग्रॅमचा फरक मिळाला, तरी एकूण जोर अडीचशे ते तीनशे किलोंच्या घरात जातो. (शिरूर-दौंडचा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंच असल्याने इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के हलकी दाबते. फरक किरकोळ आहे, पायाला कळत नाही.)

ही पोकळी येते कुठून, हेही आधी माहीत हवे. पेट्रोल गाडीत इंजिन स्वतःच हवा ओढत असते, म्हणून इनटेकच्या नळीतून एक पाईप बूस्टरला जोडला की काम भागते. डिझेल इंजिनाला हवा अडवणारी पेट्रोलसारखी झडप नसते, त्यामुळे तिथे पुरेशी पोकळी तयार होत नाही आणि वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो आणि त्याला वंगण म्हणून इंजिनचे ऑइल मिळते. १९८६ साली आलेला टाटा ४०७, १९९४ची सुमो, २००० सालची बोलेरो ही तालुक्याच्या गावातली नेहमीची मंडळी, आणि एमएच १२ असो वा एमएच ४२, यांतल्या कितीतरी गाड्या आजही दूध, चारा, गुळाच्या ढेपा आणि लग्नाचे वऱ्हाड वाहत आहेत. पेट्रोल-डिझेलचा हा फरक निदानात फार कामाला येतो. पेट्रोल गाडीत पोकळीला गळती लागली, की जादा हवा इंजिनात शिरते आणि पेडल दाबताच गाडी थरथरते, आयडलिंग बिघडते किंवा इंजिन बंदच पडते. म्हणजे इंजिन स्वतःच चुगली करते. डिझेलमध्ये ती चुगली नाही. इंजिन झकास चालत राहते आणि खबर द्यायला उरतात फक्त कान आणि पाय.

दौंडकरांना पोकळीचा ब्रेक नवा नाही. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाल्यापासून दौंड जंक्शन आहे, आणि एअर ब्रेक येण्याआधी अनेक वर्षे तिथून जाणाऱ्या गाड्या व्हॅक्यूम ब्रेकवर थांबत. मात्र रेल्वेने पोकळीला उलटे काम दिले होते. गाडीभर गेलेल्या नळीत पोकळी आहे तोवर ब्रेक सुटलेले, आणि नळीत हवा शिरली की ब्रेक लागलेले. डबा तुटला, नळी फाटली, तरी गाडी आपोआप थांबायची. साखळी ओढली तरी हेच व्हायचे : डब्याच्या टोकाशी झडप उघडून हवा फुसफुसत आत शिरायची आणि कोणत्या डब्यातून साखळी ओढली, हे शोधायला निघालेला गार्ड त्या आवाजाचाही माग घ्यायचा. मोटारीच्या बूस्टरला ही सुरक्षितता नाही. इथे पोकळी गेली, की ब्रेक आपोआप लागत नाहीत आणि सुटतही नाहीत, मदत तेवढी संपते. म्हणून रेल्वेत जो आवाज गाडी थांबवूनच दखल घ्यायला लावायचा, तोच मोटारीत महिनोन्‌महिने ऐकून सोडून देता येतो. मात्र गार्डची रीत आपल्याही उपयोगाची आहे. आवाजाच्या मागे जायचे, अंदाजाच्या नाही.

आता ‘केव्हा’कडे येऊ. इंजिन सुरू आहे, पाय ब्रेकवर ठेवला आणि पेडल खाली जाताना एक छोटासा ‘फुस’ आला, पाय स्थिर होताच थांबला. हा आजार नाही. मागच्या कप्प्यात हवा शिरायलाच हवी, तिचाच हा आवाज. नव्या गाडीत तो ऐकू येत नाही, कारण पेडलच्या दांड्याभोवती स्पंजचा एक गोल असतो. तो हवा गाळतो आणि आवाजही दाबतो. पंधरा वर्षांच्या उन्हाधुळीत तो स्पंज भुगा होऊन पडतो आणि कालपर्यंत मुका असलेला बूस्टर बोलू लागतो. असा निरोगी बूस्टर बदलून नवा बसवला जातो, आवाज जातो, मालक खूश होतो आणि निदान बरोबर होते असा सगळ्यांचाच समज होतो. दुसरा प्रकार : पेडल दाबून धरले, पाय हलत नाही, तरी फुसफुस चालूच आहे. पाय स्थिर झाल्यावर व्हॉल्व्हने दोन्ही वाटा बंद करायला हव्यात. तरी हवा वाहते आहे म्हणजे एक तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, नाहीतर पडदा फाटला आहे आणि मागची हवा पुढच्या कप्प्यात जाते आहे. दुखणे बूस्टरच्या पोटातच. तिसरा प्रकार पाय ब्रेकवर नसतानाचा. पाय लावलेलाच नाही, तर दोन्ही कप्प्यांत पोकळी आहे. पडद्याला भोक असले, तरी दोन्ही बाजूंना दाब सारखाच, म्हणून फाटका पडदा या वेळी आवाज करू शकत नाही. म्हणजे गळती डब्याच्या कडेला आहे. आवाज केबिनमध्ये असेल, तर मागचे सील किंवा व्हॉल्व्हची बैठक. बॉनेटखाली असेल, तर पाईप, पाईपातला एकतर्फी व्हॉल्व्ह (गॅरेजच्या भाषेत वॉल), तो ज्यात बसतो ते रबरी बूच किंवा मास्टर सिलेंडरचा सांधा. केबिनमधल्या आवाजात आणखी एक गंमत आहे. चपलेच्या टोकाने पेडल खालून वर उचलून पाहावे. आवाज थांबला, तर बूस्टर निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे. पेडल पूर्ण वर येत नाही, म्हणून हवेचे दार किलकिले राहते. स्प्रिंग ढिली पडलेली असते किंवा ब्रेक लाइटचा स्विच पुढे सरकलेला असतो.

कानाने जे सुचवले, ते पायाने पडताळता येते. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. साठा संपून ते दगडासारखे होईल. तसेच दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली थोडे खाली गेले, तर पोकळी येते आहे आणि बूस्टर ती वापरतो आहे. डिझेल गाडीत एवढ्यावर थांबू नये. खाली जायला वेळ लागतो का, तेही बघावे. पंपाच्या पात्या झिजल्या असतील, तर पोकळी येते, पण रेंगाळत येते. दुसरी तपासणी : इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि पेडल सावकाश दाबावे. पहिल्या वेळी ते खोल जायला हवे, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वर वर येत कडक व्हायला हवे. पहिल्याच वेळी कडक लागले, तर साठा टिकत नाही. तिसरी तपासणी सर्वांत नेमकी. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे, तसेच धरून इंजिन बंद करावे आणि तीस सेकंद थांबावे. पेडल जागेवर राहिले तर ठीक. पायाला हळूहळू वर ढकलू लागले, तर दाबलेल्या अवस्थेत गळती आहे. आणि उलट, पेडल खाली खाली जाऊ लागले, तर विषयच वेगळा. ती ऑइलची गळती किंवा मास्टर सिलेंडरचे आतले रबर, आणि तिचा निकाल फुसफुशीच्या आधी लावायचा. या सगळ्यात गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेली, गिअर न्यूट्रलमध्ये हवी, हे सांगायला नको. पण सांगितलेले बरे.

बॉनेटखालचा आवाज शोधताना टायरवाल्याची रीत, म्हणजे साबणाचे पाणी, बहुतेक फसते. बुडबुडा फुगतो तो बाहेर येणाऱ्या हवेने. इथे हवा आत चाललेली, तेव्हा फेस गळतीच्या तोंडाशी येतो आणि गुपचूप आत ओढला जातो. बुडबुडा दिसला नाही, म्हणून गळती नाही, असे धरले की शोध तिथेच भरकटतो. अगरबत्तीच्या धुराने हवेची दिशा छान दिसते, हे खरे. पण पेट्रोलच्या वाफेजवळ विस्तव नेण्याइतके हे काम मोठे नाही. त्यापेक्षा हातभर रबरी नळी घ्यावी, एक टोक कानाशी आणि दुसरे एकेका सांध्यावरून फिरवावे. डॉक्टरांच्या नळीसारखेच. ओले फडके संशयित जागेवर दाबून धरले आणि आवाज बदलला किंवा थांबला, तर जागा सापडली. तरी समजेना, तर वाट अर्धी करावी : बूस्टरजवळ पाईपावर फडके ठेवून पकडीने हलकेच चिमटा काढावा. आवाज थांबला, तर दोष चिमट्याच्या पलीकडे बूस्टरकडे. चालूच राहिला, तर अलीकडे पाईपात किंवा पंपाकडे. पाईप जुना होऊन कडकडीत झाला असेल, तर चिमटा काढू नये, तडकेल. अशा वेळी पाईप बूस्टरवरून सोडून त्याच्या तोंडावर अंगठा ठेवावा. पंप धड असेल, तर अंगठा चांगलाच ओढला जातो. कांदाचाळीजवळ किंवा गोडाऊनच्या आडोशाला महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदराने कुरतडलेला पाईपही सापडू शकतो. वाकवून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही, कारण बहुधा खालच्या बाजूने कुरतडलेला असतो.

एक खूण आवाजाची नाही, पण तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. ब्रेक ऑइलची डबी महिन्या-दोन महिन्यांनी कमी होते आणि चाकांपाशी, नळ्यांवर कुठेही ओल दिसत नाही. तेव्हा मास्टर सिलेंडरच्या मागच्या रबरातून ऑइल बूस्टरच्या पोटात झिरपत असण्याचा संशय घ्यावा. पेट्रोल गाडीत ते तिथून इंजिनात ओढले जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. दुसरीकडून डिझेल गाडीत एकतर्फी वॉल कामातून गेला, तर पंपाच्या बाजूचे इंजिन ऑइल पाईपातून बूस्टरकडे चालू लागते. रबर त्याने फुगते, मऊ पडते. म्हणून बूस्टर काढला, की पाईपाच्या आत करंगळी घालून बघावी. बोट काळे, तेलकट निघाले, तर आधी पंप आणि वॉल, मग बूस्टर.

इथे गॅरेजवाल्यांची बाजू ऐकायला हवी, कारण ती तकलादू नाही. ते म्हणतात, इतका शोध घ्यायला तास-दीड तास जातो, त्याचे पैसे कुणी देत नाही. गिऱ्हाईक पार्टचे पैसे देते, डोक्याचे नाही. शिवाय बूस्टर बदलला, की तक्रार मिटते आणि हंगामात गाडी दोन दिवस अडवून ठेवणे मालकाला परवडत नाही. पहिली गोष्ट शंभर टक्के खरी आहे आणि दोष गिऱ्हाइकाचा आहे. पण दुसरी नेहमी खरी ठरत नाही. झिजलेला पंप, तेलाने भरलेला पाईप आणि अडकलेला वॉल तसेच ठेवून नवा बूस्टर लावला, तर काही महिन्यांत त्याचेही रबर त्याच वाटेने जाते. मागच्या रबरातून गळणारा मास्टर सिलेंडर तसाच ठेवला तरीही तेच. वॉल, रबरी बूच आणि पाईप बूस्टरच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहेत, आणि तिसऱ्या प्रकारातला आवाज बॉनेटखाली असेल, तर पहिला हात त्यांच्याकडेच जायला हवा. जुना बूस्टर खोलून, किट टाकून परत ठोकून देण्याची रीतही आहे. ती सरसकट वाईट म्हणता येणार नाही. पण डब्याच्या दोन पाट्या कारखान्यात यंत्राने दुमडलेल्या असतात. हातोडीने केलेली दुमड कडेने हवा घेते आणि नवी फुसफुस सुरू होते. पैसे वाचवायचेच असतील, तर ते शोधात वाचवावेत, दुमडीत नको.

दुसरा आक्षेप मालकांचा आणि तो जास्त चिवट आहे : ब्रेक लागतोय ना, जरा जोरात दाबला की झाले, जुन्या जीपला कुठे होता बूस्टर? जुन्या जीपला नव्हता, हे खरे. पण तिचे ब्रेक, पेडल, वेग आणि ओझे सगळेच त्या हिशेबाने बेतलेले होते. बूस्टर धरून आखलेल्या गाडीत पेडलची तरफ साधारण चौपट जोर देते आणि बूस्टर त्यावर पुन्हा तीन-चारपट. बूस्टर गेला, की २० किलोंच्या दाबाने होणारे काम ६०-८० किलो मागू लागते. आंतरराष्ट्रीय नियमांत प्रवासी गाडीच्या ब्रेक चाचणीत पायाचा जोर ५० किलोंच्या वर धरत नाहीत, कारण सगळ्यांच्या पायांत त्याहून जास्त गृहीत धरणे बरोबर नाही. घरची गाडी कधी आई चालवते, कधी नुकते लायसन्स मिळालेला मुलगा. आणि ही कमतरता रोज सारखी जाणवत नाही. रिकाम्या गाडीला, सपाट नगर रस्त्यावर, दुरून दिसलेल्या स्पीडब्रेकरसाठी ती कळतही नाही. ती उघडी पडते शिक्रापूरच्या चौकात समोरचा अचानक थांबतो तेव्हा, कारण घाईत पाय दोनदा-तीनदा मारला जातो आणि कमजोर पंप तेवढ्यात साठा भरून देऊ शकत नाही.

यातच एक जुनी खोड मिसळली, की प्रकरण खरोखर धोक्याचे होते. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची ती खोड. पाटस-बारामती रस्त्यावर रोटी घाट लागतो. तुकोबांची पालखी याच घाटातून जाते, म्हणून तो साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. घाट फार मोठा नाही, आणि नेमका म्हणूनच कुणी त्याला मोजत नाही. बूस्टर धडधाकट असेल, तर इंजिन बंद पडल्यावरही दोन-तीन वेळा पुरेल इतका साठा एकतर्फी वॉल राखून ठेवतो. गळक्या बूस्टरमध्ये तो साठा उताराच्या निम्म्यात संपलेला असतो, आणि लादलेल्या पिकअपला पहिल्याच वळणावर दगडासारखे पेडल भेटते.

म्हणून, आवाज सापडला पण वॉल पुण्याहून उद्या येणार आहे, अशा वेळी काय करायचे, याचे उत्तर रस्त्यावर आणि ओझ्यावर अवलंबून आहे. ऑइलची पातळी ठीक आहे, पेडल खाली बसत नाही, जोर लावल्यावर चारही चाके धरतात, एवढे पाहून रिकामी गाडी, इंजिन चालू ठेवून, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतरावर, न्हावऱ्याहून चौफुल्याच्या गॅरेजपर्यंत नेता येते. उसाचे वाढे किंवा वऱ्हाड भरून रोटी घाटातून नेता येत नाही. आणि वॉल बदलून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, किल्ली फिरवण्याआधी, पेडल एकदा दाबून पाहावे. रात्रभर उभ्या गाडीत ते मऊ लागून खोल गेले, तर काम झाले. कडक लागले, तर बॉनेट पुन्हा उघडायचे आणि रबरी नळी पुन्हा कानाला लावायची.